कॅस्केड रांगेतील ज्वालामुखींचा उद्रेक-इतिहास कसा वाचावा

सिॲटल किंवा पोर्टलंड परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे उन्हाळ्यात मायदेशाहून आई-वडील, काका-मावश्या येतात, आणि आकाश निवळलेल्या दिवशी क्षितिजावर बर्फाने झाकलेला एकटाच उंच शंकू दिसला की पहिला प्रश्न हमखास येतो : "हा शेवटचा कधी फुटला होता?" फोनवर शोधले की एक आकडा मिळतो आणि विषय तिथेच मिटतो. त्या आकड्यामागे मात्र कुणी डोळ्यांनी पाहिलेला धूर असतो, कुणी झाडाच्या बुंध्यातली मोजलेली वलये असतात, कुठे नदीकाठच्या गाळातून उकरलेला कोळशाचा तुकडा असतो, आणि या प्रत्येक पुराव्याचे वजन वेगळे असते. "शेवटचा कधी?" याच्या आधी "हे कशावरून?" असे विचारायचे, एवढी एकच सवय या मार्गदर्शिकेतून लावून घ्यायची आहे. त्यासाठी भूशास्त्राची पदवी लागत नाही. एक वही, एक बरा नकाशा आणि दोन-तीन सुट्ट्या पुरतात.

आधी रांग ओळखा, आणि सह्याद्री बाजूला ठेवा

कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या दक्षिण भागापासून वॉशिंग्टन आणि ऑरेगन ही राज्ये ओलांडून उत्तर कॅलिफोर्नियातील लासेन शिखरापर्यंत ही रांग सुमारे १,१०० किलोमीटर पसरली आहे. पॅसिफिकच्या तळाचा हुआन द फुका नावाचा लहानसा भूपट्ट वर्षाला साधारण चार सेंटीमीटर वेगाने उत्तर अमेरिकेच्या भूपट्टाखाली सरकतो. खोल गेल्यावर त्यातले पाणी बाहेर पडते, त्या पाण्यामुळे वरच्या प्रावरणातील खडकाचा द्रवणांक उतरतो आणि शिलारस तयार होतो. बेकर, ग्लेशियर पीक, रेनिअर, ॲडम्स, सेंट हेलन्स, हूड, थ्री सिस्टर्स, शास्ता, लासेन ही सगळी त्याच एका प्रक्रियेची अपत्ये आहेत, तरी त्यांचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत.

इथे मराठी माणसाची एक गल्लत हमखास होते. पुण्याहून आलेले माझे मामा कोलंबिया नदीच्या घळईत मल्टनोमा धबधब्यासमोर उभे राहून म्हणाले, "अरे, हा तर आपला माळशेज!" त्यांचे डोळे चुकले नव्हते. एकावर एक रचलेले काळ्या बेसाल्टचे थर, त्यांतले खांबासारखे सांधे आणि कड्यावरून कोसळणारे पाणी हे सगळे घाटातल्यासारखेच आहे. पण तो कडा कॅस्केडच्या एकाही शंकूतून बाहेर पडलेला नाही. सुमारे १ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आजच्या ऑरेगन आणि वॉशिंग्टनच्या पूर्व भागात जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा पाझरला आणि पश्चिमेकडे समुद्रापर्यंत वाहत गेला, त्याचे हे थर आहेत. आपले दख्खनचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे असले तरी त्यांची जातकुळी हीच आहे. कॅस्केडच्या मोठ्या शंकूंतील शिलारस बहुतांशी अँडेसाइट आणि डेसाइट या प्रकारांचा असतो. त्यात सिलिकाचे प्रमाण अधिक असल्यामुळे तो चिकट असतो, त्यातला वायू सहज सुटत नाही, आणि म्हणून पातळ लाव्हाच्या चादरीऐवजी स्फोट, राख, प्युमिस आणि घाटदार शंकू पाहायला मिळतात. वहीच्या पहिल्या पानावर ही नोंद करून ठेवावी : घळईतला काळा कडा हा कॅस्केडच्या उद्रेक-इतिहासाचा भाग नव्हे.

वहीचे रकाने

प्रत्येक ज्वालामुखीसाठी दोन पाने ठेवावीत आणि त्यांवर पाच रकाने आखावेत : केव्हा, कशावरून, काय बाहेर पडले, कुठवर पोहोचले, आणि शंका. माहितीफलकांवर व पुस्तिकांत पहिला आणि तिसरा रकाना भरलेला असतो, दुसरा अर्धा असतो आणि पाचवा जवळजवळ नसतोच. खरे काम या दुसऱ्या आणि पाचव्या रकान्यांत आहे.

"काय बाहेर पडले" लिहिताना नुसते "उद्रेक" लिहून थांबू नये. दोन मिलिमीटरहून बारीक कण म्हणजे राख. त्याहून मोठे, चौसष्ट मिलिमीटरपर्यंतचे तुकडे लॅपिली म्हणून ओळखले जातात. वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला फिकट खडक म्हणजे प्युमिस, जो पाण्यावर तरंगतो. तापलेल्या राखेचा आणि वायूचा लोट जमिनीलगत उतारावरून धावतो, तो वेगळा लिहावा. बर्फ वितळून किंवा मुरलेल्या पाण्याने सुटलेला चिखल-दगडांचा लोंढा म्हणजे लाहार, तो आणखी वेगळा. घट्ट डेसाइट विवरातच फुगून साचतो तेव्हा घुमट तयार होतो. हे भेद पाळले नाहीत तर चौथ्या रकान्याला अर्थ उरत नाही, कारण राख वाऱ्याबरोबर जाते आणि लाहार नदीबरोबर.

वारा या भागात बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून राखेचे थर शोधायचे असतील तर शंकूच्या पूर्वेला जावे, आणि लाहारांचे थर शोधायचे असतील तर नदीचे पात्र धरून खाली उतरावे. १८ मे १९८० रोजी सेंट हेलन्सची राख पूर्वेला गेली आणि सव्वाशेहून अधिक किलोमीटरवरच्या याकिमा शहरात भर दिवसा दिवे लावावे लागले. त्याच्या मानाने कितीतरी जवळ असलेले पोर्टलंड त्या दिवशी जवळजवळ कोरडे सुटले. केवळ अंतर मोजून धोका ठरवणाऱ्याने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

तारीख कशावरून?

लेखी नोंद सर्वांत भरवशाची वाटते, पण इथे ती फार तोकडी आहे. कॅप्टन जॉर्ज व्हँकूवरने १७९२ मध्ये या किनाऱ्यावरून जाताना बेकर, रेनिअर, हूड आणि सेंट हेलन्स यांना आजची इंग्रजी नावे दिली, आणि साधारण तिथून युरोपीय लेखी माहितीचा धागा सुरू होतो. म्हणजे लेखी इतिहास सव्वादोनशे-अडीचशे वर्षांचा, आणि ज्वालामुखींचे वय लाखो वर्षांचे. नोंद करणारा माणूस किती लांब उभा होता, त्याने राख हातात घेतली की नुसता ढग पाहिला, आणि नोंद त्याच दिवशी केली की वीस वर्षांनी आठवून सांगितली, हे तीन प्रश्न प्रत्येक नोंदीला विचारावेत. १८४२ च्या नोव्हेंबरात सेंट हेलन्सची राख कोलंबियाकाठच्या द डॅल्स या ठिकाणी पडली आणि तिचा नमुना जपून ठेवला गेला. ही नोंद मी पक्क्या शाईने लिहितो. चित्रकार पॉल केन याने १८४७ च्या भेटीनंतर रंगवलेले त्याच पर्वताच्या रात्रीच्या उद्रेकाचे चित्र मात्र पेन्सिलीने लिहितो, कारण चित्रकाराला ज्वाळा वाढवण्याचा मोह होतोच. तरीही उद्रेक शिखरातून नव्हे, तर पर्वताच्या कुशीतून होताना त्याने दाखवला, आणि त्या काळी उत्तर उतारावर खरोखरच एक घुमट वाढत होता. चित्र अतिरंजित असूनही जागा बरोबर दाखवू शकते.

स्थानिक मूळ रहिवाशांच्या परंपरा या नोंदींहून कितीतरी मागे जातात आणि त्या दंतकथा म्हणून बाजूला सारणे शास्त्राच्या दृष्टीनेही चूक ठरते. क्लामाथ लोकांच्या कथेत पाताळाचा स्वामी ल्लाओ आणि वरच्या जगाचा स्वामी स्केल यांचे युद्ध होते आणि शेवटी ल्लाओचा पर्वत त्याच्या डोक्यावर कोसळतो. आज तिथे क्रेटर लेक आहे, आणि भूशास्त्रही नेमके हेच सांगते : पर्वत आत कोसळला. वर्ष मात्र कथेतून मिळत नाही, ते दुसरीकडून आणावे लागते.

झाडांची वलये हा या रांगेतील सर्वांत नेमका साक्षीदार आहे. डग्लस फर जातीची झाडे शेकडो वर्षे जगतात आणि दर वर्षी एक वलय धरतात. सेंट हेलन्सच्या परिसरात वृक्षवलयांचे अभ्यासक डेव्हिड यामागुची यांनी अशा जुन्या झाडांची वलये तपासली, तेव्हा १४७९ चे वलय नेहमीसारखे पूर्ण भरलेले आणि १४८० पासूनची वलये एकाएकी केसासारखी बारीक झालेली दिसली. झाड राखेच्या माऱ्याने मेले नव्हते, पण पाने आणि फांद्या गमावून अर्धपोटी जगत होते. याचा अर्थ मोठा उद्रेक त्या दोन वाढीच्या हंगामांच्या मधल्या थंडीत झाला. पाचशेहून अधिक वर्षांपूर्वीचा, एकही लेखी ओळ मागे न ठेवणारा उद्रेक असा काही महिन्यांच्या फटीत पकडता आला. पुढचा मोठा राखेचा थर १४८२ चा, तोही याच पद्धतीने. असा बुंध्याचा काप संग्रहालयात पाहायला मिळाला तर घाई करू नये. सालीकडून आत मोजत जावे आणि रुंद-अरुंद वलयांचा क्रम शेजारच्या कापाशी जुळतो का ते पाहावे, कारण एखादे वलय मुळीच उमटलेले नसते आणि नुसत्या मोजणीत ते वर्ष हातून निसटते.

त्याहून मागे जायचे तर कार्बन-१४. राखेखाली दबलेला कोळसा, काटक्या, दलदलीतला पाला यांवरून सुमारे पन्नास हजार वर्षांपर्यंत मजल मारता येते. इथे दोन खड्डे आहेत आणि मी दोन्हींत पडलो आहे. पहिला असा की कार्बनने मिळणारी "कार्बन-वर्षे" आणि दिनदर्शिकेतील वर्षे एक नसतात. वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण काळानुसार बदलत आले आहे, म्हणून मिळालेला आकडा दुरुस्त करावा लागतो. क्रेटर लेक ज्यातून झाला त्या मझामा पर्वताचा महाउद्रेक जुन्या पुस्तकांत सुमारे ६,८५० वर्षांपूर्वीचा आढळतो आणि नव्या फलकांवर सुमारे ७,७०० वर्षांपूर्वीचा. मी सुरुवातीला हे दोन उद्रेक म्हणून दोन ओळींत लिहिले होते. उद्रेक एकच आहे, पहिला आकडा न दुरुस्त केलेला आणि दुसरा दुरुस्त केलेला. शिवाय कार्बनच्या भाषेत "आज" म्हणजे १९५० हे ठरलेले वर्ष असते, हेही समासात टिपून ठेवावे. दुसरा खड्डा लाकडाचा. सहाशे वर्षांच्या झाडाच्या गाभ्यातला कोळसा तपासला तर वय त्या गाभ्याचे येते, झाड जळाले त्या दिवसाचे नव्हे. म्हणून बारीक फांदी किंवा सालीलगतचे लाकूड मोठ्या ओंडक्याच्या गाभ्याहून अधिक मोलाचे.

पन्नास हजार वर्षांच्या पलीकडे लाव्हातील पोटॅशियमपासून तयार होणाऱ्या अर्गॉन वायूचे मापन कामी येते. तिथे आकडा हजारो वर्षांनी मागेपुढे असू शकतो, आणि एवढ्या जुन्या उद्रेकासाठी ते चालते.

एक पान पूर्ण भरून पाहू : सेंट हेलन्स

नवख्याने सुरुवात सेंट हेलन्सपासूनच करावी, कारण इथे पाचही रकाने भरता येतात आणि शेवटची ओळ अनेकांच्या डोळ्यांदेखत लिहिली गेली आहे.

हा पर्वत सुमारे पावणेतीन लाख वर्षांपासून अधूनमधून जागा होत आला आहे, पण १९८० पूर्वी जपानच्या फुजीशी ज्याची तुलना होई तो देखणा शंकू बराचसा गेल्या तीन हजार वर्षांत रचला गेला. भूशास्त्राच्या हिशेबात तो कालचा पोर. १४८० चा उद्रेक १९८० च्या कित्येक पट मोठा होता. पुढे १८०० मध्ये आणखी एक. त्याच्या राखेची आठवण कोलंबियाच्या वरच्या खोऱ्यातील लोकांनी "कोरडा बर्फ" पडल्याची म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपली, आणि त्याचे वर्षही वलयांनीच पक्के केले. १८०० पासून १८५७ पर्यंत लहानमोठी हालचाल सुरू राहिली आणि मग १२३ वर्षे शांतता.

या शांततेत ड्वाइट क्रँडेल आणि डोनल मलिनो या भूशास्त्रज्ञांनी नेमके तेच केले जे आपण वहीत करत आहोत. त्यांनी थर मोजले, त्यांची वये ठरवली, कोणता थर कुठवर पोहोचला ते नकाशावर उतरवले, आणि १९७५ मध्ये असे लिहिले की हा पर्वत पुन्हा उद्रेक करण्याची शक्यता आहे, कदाचित हे शतक संपण्याच्या आत. पाच वर्षांत ते खरे ठरले. थरांच्या वाचनातून निघालेले इतके सरळ उत्तर मला दुसरे माहीत नाही.

२० मार्च १९८० रोजी भूकंपांची मालिका सुरू झाली आणि २७ मार्चला वाफेचा पहिला स्फोट झाला. उत्तर उतार रोज दीड-दोन मीटर बाहेर फुगू लागला. आत शिलारस चढत होता. रविवार, १८ मे रोजी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी ५.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तो फुगलेला उतारच सुटून खाली आला. सुमारे अडीच घन किलोमीटर खडकाची ही दरड लेखी इतिहासातील सर्वांत मोठी. बाटलीचे बूच उडावे तसा आतला दाब मोकळा झाला, पण बूच वरून न उडता कडेने उडाले. उत्तरेकडे आडवा स्फोट झाला आणि सुमारे ६०० चौरस किलोमीटर अरण्य आडवे झाले. राखेचा स्तंभ पंधरा मिनिटांत सुमारे २४ किलोमीटर उंच गेला. ५७ माणसे दगावली. त्यांत दहा किलोमीटरवरच्या कड्यावरून निरीक्षण करणारे भूशास्त्रज्ञ डेव्हिड जॉन्स्टन होते. पर्वताची उंची २,९५० मीटरवरून सुमारे २,५५० मीटरवर आली. १९८६ पर्यंत विवरात घुमट वाढत राहिला, आणि २००४ ते २००८ या काळात दुसरा घुमट उगवला. म्हणजे "शेवटचा कधी?" याचे बरोबर उत्तर २००८ आहे, १९८० नव्हे. फोनवर बहुतेकांना १९८० च सापडते.

प्रत्यक्ष जागेवर तीन गोष्टी पाहाव्यात. पूर्वेकडील विंडी रिजवरून स्पिरिट लेक दिसते. त्यावर चार दशकांहून अधिक काळ तरंगणारे ओंडके वाऱ्यानुसार कधी या काठाला तर कधी त्या काठाला जमतात, आणि लांबून ते करड्या चटईसारखे दिसतात. वाटेवरच्या टेकड्यांवर आडवी पडलेली झाडे पाहावीत. सगळ्यांची मुळे एका दिशेला आणि शेंडे दुसऱ्या. शेंडे ज्या दिशेला, तिकडे स्फोट गेला, म्हणजे ही झाडे बाणांसारखी वाचता येतात, आणि डोंगराआड गेल्यावर हे बाण किंचित वळलेले दिसतात, कारण स्फोटाचा लोट भूभागाशी खेळत गेला. पश्चिमेच्या टूटल खोऱ्यातल्या हमॉक्स नावाच्या पायवाटेवर घराएवढ्या उंच मातीच्या टेकाडांमधून चालता येते. ही टेकाडे म्हणजे पर्वताचेच तुकडे, दरडीबरोबर वाहत येऊन थबकलेले. एकाच टेकाडात तांबूस, करडा आणि काळा असे शिखराचे वेगवेगळे थर शेजारी-शेजारी दिसतात. एक सूचना : मे २०२३ मध्ये दरड कोसळून जॉन्स्टन रिज केंद्राकडे जाणाऱ्या रस्त्याचा शेवटचा टप्पा तुटला, म्हणून निघण्यापूर्वी रस्त्याची ताजी स्थिती पाहूनच बेत आखावा.

ही टेकाडे एकदा डोळ्यांत बसली की पुढचा प्रवास बदलतो. कॅलिफोर्नियातील शास्ता पर्वताच्या वायव्येला, महामार्गाच्या दोन्ही बाजूंना शेकडो लहान टेकड्या विखुरलेल्या आहेत. त्या कशा झाल्या याची कोणालाच समाधानकारक उपपत्ती देता येत नव्हती. १९८० मध्ये टूटल खोऱ्यात तसाच देखावा ताजा तयार झालेला पाहिल्यावर उलगडा झाला की तीन लाखांहून अधिक वर्षांपूर्वी शास्ताच्या पूर्वजाचा कडाही असाच कोसळला होता. चालू उद्रेकाने जुना उद्रेक वाचायला शिकवले.

एकाच थराला अनेक पानांवर कसे वापरावे

मझामाच्या उद्रेकात सुमारे ५० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला, आधार गेल्याने शिखर आत कोसळले आणि आठ-दहा किलोमीटर रुंदीचा काल्डेरा, म्हणजे कोसळण्यातून झालेला प्रचंड खळगा, उरला. त्यात साचलेल्या तळ्याची कमाल खोली ५९४ मीटर असून ते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सर्वांत खोल सरोवर आहे. पण वही भरणाऱ्याला तळ्याहून राख अधिक उपयोगी. ती कॅनडातील अल्बर्टापर्यंत सापडते आणि ग्रीनलंडच्या बर्फातही तिचे कण ओळखता आले आहेत. राखेतील काचेसारख्या कणांची रासायनिक घडण प्रत्येक उद्रेकाची वेगळी असते, म्हणून शेकडो किलोमीटरवरचा थरही मझामाचाच आहे हे पक्के सांगता येते. असा थर म्हणजे जमिनीत आखलेली ७,७०० वर्षांची रेघ. वरचे सगळे तिच्यानंतरचे, खालचे सगळे तिच्याआधीचे. ऑरेगनमधील फोर्ट रॉक गुहेत १९३८ मध्ये सालींपासून विणलेल्या डझनावारी पादत्राणांचा साठा याच राखेखाली सापडला. कार्बन पद्धत उपलब्ध होण्यापूर्वीच राखेने सांगून टाकले की माणसे इथे त्या उद्रेकाआधीपासून होती. पुढे कार्बनने त्या पादत्राणांचे वय ९,००० वर्षांहून अधिक ठरवले.

क्रेटर लेकला गेल्यास बहुतेक लोक काठावर फोटो काढून परततात. आग्नेयेकडील पिनॅकल्सची दरी चुकवू नये. तिथे सुळक्यांच्या उभ्या भिंतीत खालचा भाग फिकट आणि वरचा गडद करडा दिसतो. उद्रेक सुरू झाला तेव्हा पर्वताखाली शिलारस साठलेल्या कोठीच्या माथ्यावरचा सिलिकायुक्त, फिकट शिलारस आधी बाहेर पडला आणि शेवटी तळचा गडद. कोठीत जे वर होते ते भिंतीत खाली बसले आहे. सुळके तयार झाले ते मात्र वेगळ्या कारणाने : तप्त राखेतून वर निघणाऱ्या वायूंनी आपल्या वाटेभोवतीची राख पक्की केली आणि आजूबाजूची सैल राख पावसाने धुऊन नेली.

उद्रेकाशिवायचा इतिहास

रेनिअरच्या पानावर "शेवटचा उद्रेक" हा रकाना जवळजवळ फसवा आहे. ४,३९२ मीटर उंचीच्या या पर्वतावर प्रचंड हिमनद्या आहेत आणि आतला खडक आम्लयुक्त वाफांनी कुजून मातीसारखा मऊ झाला आहे. सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी माथ्याचा मोठा भाग सुटला आणि ऑसिओला नावाने ओळखला जाणारा लाहार थेट प्यूजेट साउंडच्या खाडीपर्यंत गेला. आज त्या चिखलाच्या थरावर गावे उभी आहेत. त्याहून अधिक विचार करायला लावणारी नोंद सुमारे पाचशे वर्षांपूर्वीच्या इलेक्ट्रॉन लाहाराची. त्या वेळी उद्रेक झाल्याचा पुरावा मिळालेला नाही. कुजलेला पश्चिम उतार सुटला आणि प्युयलप नदीच्या खोऱ्यातून लोंढा खाली गेला. ऑर्टिंग गावात घरांचे पाये खणताना त्या लोंढ्यात उभ्या-उभ्या गाडले गेलेल्या झाडांचे बुंधे निघाले आहेत, आणि त्या गावातील शाळकरी मुले आज लाहाराचा भोंगा वाजला की उंच जागेकडे चालत जाण्याचा सराव करतात. म्हणून रेनिअरच्या पानावर लाहारांची ओळ वेगळ्या रंगाने लिहावी.

हूडच्या बाबतीत नदीने साक्ष दिली. १८०५ च्या नोव्हेंबरात लुईस आणि क्लार्क यांची मोहीम कोलंबियाला मिळणाऱ्या एका नदीच्या मुखाशी पोहोचली, तेव्हा वाळू इतकी भुसभुशीत होती की त्यांनी तिला रुतण-वाळूची नदी असे नाव दिले. आज तिचे नाव सँडी रिव्हर. १७८० आणि १७९० च्या दशकांत हूडवर वाढणारा घुमट वारंवार ढासळत होता आणि त्याची वाळू लाहारांबरोबर खाली येत होती. उद्रेक कुणा लिहिणाऱ्याने पाहिला नाही, त्याचा गाळ मात्र लिहिला गेला.

खोट्या नोंदी कशा गाळाव्यात

शास्तावर १७८६ मध्ये उद्रेक झाला, हे वाक्य आजही ठिकठिकाणी आढळते. त्याचे मूळ फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूझ याच्या नोंदीत आहे. त्याने समुद्रावरून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडे आग पाहिली. शास्ता किनाऱ्यापासून बराच आत आहे, मध्ये डोंगर आहेत, आणि त्या काळाशी जुळणारा ताज्या राखेचा थर पर्वतावर मिळत नाही. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाने आता शेवटचा उद्रेक सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीचा मानला आहे. लासेनजवळचा सिंडर कोन १८५० च्या सुमारास फुटला असेही दीर्घकाळ मानले गेले. झाडांची वलये तपासल्यावर तो उद्रेक १६६६ चा निघाला. अशा नोंदी खोडून टाकू नयेत. त्यांवर एक रेघ मारून पाचव्या रकान्यात कारण लिहावे, म्हणजे पुढच्या वेळी तेच वाक्य कुठे वाचले तर पुन्हा गोंधळ होणार नाही.

याच्या अगदी उलट लासेन शिखराचे पान. ३० मे १९१४ रोजी वाफेचा पहिला स्फोट झाला, २२ मे १९१५ रोजी सर्वांत मोठा उद्रेक झाला, १९१७ पर्यंत धुसफूस चालली, आणि स्थानिक छायाचित्रकार बी. एफ. लूमिस याने त्यातले बरेच कॅमेऱ्यात धरले. इथे फारशा शंका नाहीत.

सरासरी काढताना

पाने भरली की भागाकार करण्याचा मोह होतो : इतक्या वर्षांत इतके उद्रेक, म्हणजे पुढचा अमुक साली. संपूर्ण रांगेसाठी गेल्या चार हजार वर्षांत शतकाला सरासरी एक-दोन उद्रेक झाले, असे म्हणायला हरकत नाही. एकट्या पर्वतासाठी मात्र हे गणित कोलमडते. सेंट हेलन्सवर १४८० आणि १४८२ मध्ये दोन वर्षांचे अंतर, तर १८५७ आणि १९८० मध्ये सव्वाशे वर्षांचे. ज्वालामुखी पाळी लावून येत नाहीत, झुंडीने येतात. दुसरे असे की जितके मागे जावे तितके लहान उद्रेक गळत जातात, कारण त्यांची पातळ राख पावसाने धुतली जाते, हिमनद्या खरवडून नेतात, किंवा पुढच्या उद्रेकाखाली ती गाडली जाते. दहा हजार वर्षांपूर्वीचे पान रिकामे दिसले म्हणून पर्वत तेव्हा झोपला होता, असे मानू नये. स्फोटकतेचा जो शून्य ते आठ असा निर्देशांक वापरतात, त्यातही एकेक पायरी साधारण दहापटीची असते. सेंट हेलन्स १९८० पाचव्या पायरीवर, मझामा सातव्या. पाच आणि सात जवळचे आकडे दिसले तरी बाहेर पडलेल्या राखेत शंभरपटीचा फरक आहे.

प्रवासाची तयारी

उंचावरचे रस्ते बर्फामुळे वर्षातले बरेच महिने बंद असतात. जुलैचा उत्तरार्ध ते सप्टेंबर हा काळ धरावा आणि जंगलातील वणव्यांचा धूर असेल तर बेत पुढे ढकलावा, कारण धुरात थर दिसत नाहीत. राष्ट्रीय उद्यानांतून खडक, राख किंवा प्युमिस उचलण्यास मनाई आहे. "एवढासा तुकडा घेतला तर काय होते" असे म्हणणारे कोणी बरोबर असल्यास त्यांना आधीच सांगून ठेवावे. थराचा फोटो काढताना शेजारी नाणे किंवा पेन ठेवावे, नाहीतर घरी आल्यावर तो थर बोटभर होता की हातभर, हे आठवत नाही. सेंट हेलन्सच्या दक्षिणेच्या एप केव्ह या सुमारे चार किलोमीटर लांबीच्या लाव्हाबोगद्यात जायचे असल्यास माणशी दोन विजेऱ्या आणि उबदार कपडे हवेत. आत उन्हाळ्यातही थंडी असते. हा बोगदा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या पातळ बेसाल्टने तयार केला आहे, म्हणजे चिकट डेसाइटसाठी प्रसिद्ध असलेला पर्वत कधीकधी बेसाल्टही ओकतो. तिसऱ्या रकान्यात ही नोंद हवीच.

चालू स्थितीसाठी कॅस्केड ज्वालामुखी वेधशाळेची माहिती पाहावी. ही वेधशाळा व्हँकूवरला आहे, पण कॅनडातल्या नव्हे, पोर्टलंडसमोर नदीपलीकडे वॉशिंग्टन राज्यात असलेल्या व्हँकूवरला. तिच्या सूचनांत हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे चार रंग असतात. हिरवा म्हणजे पर्वत मृत नव्हे, नेहमीच्या स्थितीत आहे एवढेच. थ्री सिस्टर्सपैकी साउथ सिस्टरच्या पश्चिमेला जमीन हळूहळू उचलली जात असल्याचे २००१ मध्ये उपग्रहीय रडारच्या चित्रांतून लक्षात आले. जमिनीवर उभ्या माणसाला तिथे काहीच दिसत नाही, शेजारच्या साउथ सिस्टरचा शेवटचा उद्रेक सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे, आणि रंग हिरवाच आहे. त्या पानाचा "केव्हा" हा रकाना मी खाली दोन ओळी मोकळ्या सोडून आखला आहे.